माशांच्या तयार पदार्थांत समुद्री शेवाळाचे अर्क: पहिला घाणा काढणाऱ्यांसाठी

फ्रीजरमधले फिश बॉल वितळले की ताटलीत पाणी साचतं. कटलेट तव्यावर टाकलं की कडेने भेगाळतं. आणि बांगड्याचं कटलेट थोडे आठवडे ठेवलं की त्याला खवट वास मारू लागतो. मासळीचे तयार पदार्थ करून विकणाऱ्यांची ही नेहमीची दुखणी. मोठे कारखाने पाणी धरून ठेवायला फॉस्फेट वापरतात आणि खवटपणा लांबवायला कृत्रिम अँटिऑक्सिडंट. गिऱ्हाईक हल्ली पाकीट उलटून मागची यादी वाचतं, म्हणून त्याऐवजी ‘काहीतरी नैसर्गिक’ वापरता येईल का, अशी विचारणा बचत गटांकडून आणि घरगुती उद्योगांकडून वाढली आहे. त्या ‘काहीतरी’मध्ये समुद्री शेवाळाचे अर्क सगळ्यात पुढे आहेत.

ते कामाचे आहेत, पण शिळी मासळी ताजी करत नाहीत, हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं. मासळी बर्फात नीट ठेवलेली नसेल तर पुढचं काही वाचू नका, आधी बर्फाची सोय करा.

आधी काम ठरवा, मग अर्क निवडा

दुकानात जाऊन ‘शेवाळाचा अर्क द्या’ म्हणून चालत नाही, कारण या नावाखाली अगदी वेगवेगळ्या वस्तू येतात.

लाल शेवाळापासून दोन गोष्टी मिळतात, अगर आणि कॅराजीनन. अगर तुमच्या घरात आधीपासून आहे. आपण त्याला चायना ग्रास म्हणतो आणि त्याचा खरवस किंवा पुडिंग करतो. कॅराजीनन मात्र नावाने अनोळखी असलं तरी पोटात कितीदा तरी गेलेलं असतं: आइस्क्रीम, चॉकलेट दूध, हॅमचे काप अशा कितीतरी पदार्थांत ते असतं. ते ज्या कप्पाफायकस शेवाळापासून काढतात त्याची मोठी शेती फिलिपिन्स आणि इंडोनेशियात होते. आपल्याकडे तमिळनाडूत, रामनाथपुरम जिल्ह्यातल्या मंडपमच्या आसपास, बांबूच्या तराफ्यांवर ते लावतात आणि साधारण ४५ दिवसांत काढतात. हे काम करणाऱ्यांत मच्छीमार समाजातल्या बाया मोठ्या संख्येने आहेत. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने या लागवडीचं तंत्र भारतात रुजवलं.

तपकिरी शेवाळापासून अल्जिनेट मिळतं. शिवाय याच शेवाळात फ्लोरोटॅनिन नावाची पॉलिफेनॉल असतात, जी खवटपणा लांबवायला उपयोगी पडतात. हिरव्या शेवाळाची, म्हणजे खडकांवर दिसणाऱ्या उल्व्हाची, भुकटी चवीला आणि रंगाला वापरता येते, पण नवख्याने त्या वाटेला इतक्यात जाऊ नये. माशाचा गोळा हिरवा दिसला की गिऱ्हाईक आधी नाक लावून बघतं.

म्हणून हिशोब असा. पाणी सुटतंय, गोळा ठिसूळ होतोय: कॅराजीनन. तेलकट मासा खवट होतोय: तपकिरी शेवाळाचा पॉलिफेनॉल असलेला अर्क. माशाचे तुकडे गोठवताना सुकतात, पांढरे पडतात: अल्जिनेटचं आवरण. चव सपक लागते: कोंबू या जपानी स्वयंपाकातल्या शेवाळाचं पाणी. एका वेळी एकच दुखणं घ्या. चारही अर्क एकाच घाण्यात टाकले तर कशाने काय झालं ते कधीच कळणार नाही.

माझा सल्ला विचाराल तर पहिला प्रयोग कॅराजीनन घालून फिश बॉलवर करा. साहित्य सहज मिळतं, फरक डोळ्यांना दिसतो आणि काट्यावर मोजता येतो.

पायरी १: मासा

गोळ्यांसाठी पांढऱ्या मांसाचा, कमी तेलाचा मासा हवा. आपल्या किनाऱ्यावर राणी मासा आणि ढोमा हे दोन्ही चांगले. सुरिमीच्या, म्हणजे धुतलेल्या माशाच्या खिम्याच्या, कारखान्यांतही राणी मासा मोठ्या प्रमाणात जातो. चोर बोंबील स्वस्त पडतो, पण गोठवून ठेवला की त्याचं मांस लवकर कोरडं आणि भुसभुशीत होतं. तो घ्यायचाच असेल तर ताजाच वापरा. साध्या बोंबलाचे गोळे करायचा नाद सोडा, त्याच्यात पाणीच इतकं की कॅराजीनन तरी काय काय धरणार.

बांगडा आणि तारली या प्रयोगासाठी नकोत. त्यांचा विचार पुढे.

मासा साफ करून, काटे आणि कातडी काढून खिमा करा. पोटाच्या आतली काळी पातळ कातडी खरवडून काढा, ती राहिली तर खिमा कळकट दिसतो आणि वशट लागतो.

पायरी २: खिमा धुणं

ही पायरी घरगुती उद्योगात बहुतेक जण गाळतात आणि मग गोळा बांधला जात नाही म्हणून मैदा वाढवतात. एक किलो खिम्याला तीन लिटर बर्फाचं पाणी घ्या, पाच मिनिटं हलक्या हाताने ढवळा, खाली बसू द्या, वरचं पाणी ओतून द्या. हे दोनदा करा. दुसऱ्या वेळच्या पाण्यात लिटरमागे ३ ग्रॅम मीठ घातलं की खिम्यातलं पाणी निघायला सोपं जातं. मग स्वच्छ पंचात बांधून दाबा. धुण्याने रक्त, तेलाचा अंश आणि पाण्यात विरघळणारी प्रथिनं निघून जातात आणि गोळा धरणारं प्रथिन मागे राहतं.

पंचा पिळताना जोर लावाल तर खिमा कोरडा होईल आणि नंतर पाणी घालताना अंदाज चुकेल. बोटांनी दाबल्यावर पाणी थेंबाथेंबाने यावं, धार लागू नये.

पायरी ३: दोन भाग करा

खिम्याचे सारखे दोन भाग करा. एकात कॅराजीनन जाईल, दुसऱ्यात नाही. बाकी सगळं सारखं: मीठ, स्टार्च, पाणी, वाटायचा वेळ, उकळायचा वेळ. दोन्ही भागांच्या डब्यांवर चिकटपट्टी लावून नाव आणि तारीख लिहा. ‘मला लक्षात राहील’ असं म्हणणाऱ्यांचे डबे फ्रीजरमधून निघतात तेव्हा कुणालाच काही आठवत नसतं.

प्रत्येक १ किलो धुतलेल्या खिम्याला असं प्रमाण धरा: मीठ २० ग्रॅम, बटाट्याचं किंवा टॅपिओकाचं स्टार्च ५० ग्रॅम, साखर १० ग्रॅम, बर्फाचा चुरा किंवा गार पाणी १०० ग्रॅम. प्रयोगाच्या भागात याशिवाय कॅराजीनन ५ ग्रॅम. पाच ग्रॅम म्हणजे अर्धा टक्का. किलोच्या एका पाकिटात २०० किलो खिमा निघतो, त्यामुळे कॅराजीननच्या किमतीचा फार बाऊ करायची गरज नाही. खर्च मासळीचा आणि विजेचा असतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पाच ग्रॅम नीट मोजले जात नाहीत. सोनाराकडे असतो तसा ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा घ्या.

कॅराजीनन मागवताना ‘कप्पा’ की ‘आयोटा’ हे विचारा. कप्पाचा गोळा घट्ट आणि जरा ठिसूळ होतो. आयोटाचा मऊ आणि लवचिक. कप्पाला पोटॅशियम मिळालं की तो आवळतो, आयोटाला कॅल्शियम लागतं. आता यातली मेख अशी, की नुसत्या कप्पाची जेली गोठवून वितळवली तर पाणी सोडते, आयोटाची सोडत नाही. म्हणून माल फ्रीजरमध्ये जाणार असेल तर दोघांचं मिश्रण घ्या. मी ३ ग्रॅम कप्पा आणि २ ग्रॅम आयोटा इथून सुरुवात करायला सांगेन. ताजे गोळे त्याच दिवशी विकणार असाल तर नुसता कप्पा पुरेसा आहे.

कॅराजीनन शुद्ध आणि अर्धशुद्ध अशा दोन प्रकारांत येतं. खाद्यपदार्थांत मिसळायच्या घटकांना जो आंतरराष्ट्रीय आयएनएस क्रमांक असतो, तो पहिल्याचा ४०७, दुसऱ्याचा ४०७ए. अर्धशुद्ध स्वस्त असतं, त्यात शेवाळाचा चोथा थोडा राहतो, त्यामुळे पारदर्शक जेलीला ते चालत नाही. माशाच्या गोळ्यात पारदर्शकपणाचा प्रश्नच नाही, म्हणून तेही चालतं. पाकिटावर खाद्य दर्जाचा उल्लेख असला मात्र पाहिजे. टूथपेस्टसाठी किंवा प्रयोगशाळेसाठी विकलं जाणारं घेऊ नका.

पायरी ४: वाटणं

खिमा, भांडं आणि पातं तिन्ही गार हवं. आधी फक्त खिमा फिरवा. मग मीठ घालून फिरवा, खिमा चकाकू लागेल आणि बोटाला चिकटेल. मीठ गेल्यावर माशातलं मायोसीन हे प्रथिन बाहेर येतं आणि तेच पुढे गोळा धरतं. कॅराजीनन या कामात दुय्यम आहे हे विसरू नका.

आता कॅराजीनन. हे थेट ओल्या खिम्यावर किंवा पाण्यात टाकलं तर त्याच्या गुठळ्या होतात: बाहेरून फुगलेल्या, बुळबुळीत, आणि आत कोरडी भुकटी. एकदा झालेली गुठळी कितीही वाटली तरी मोडत नाही, शिजल्यावर दाताखाली चिकट खडा लागतो. म्हणून कॅराजीनन आधी कोरड्या स्टार्च आणि साखरेत मिसळा, बारीक चाळणीने चाळा, आणि मिक्सर चालू असताना थोडं थोडं भुरभुरवा. मग बर्फाचा चुरा दोन-तीन हप्त्यांत. मिश्रणाचं तापमान १० अंशांच्या वर जाऊ देऊ नका. घरातला मिक्सर लगेच तापतो; अर्धा मिनिट फिरवा, थांबा, भांडं बर्फात ठेवा, पुन्हा फिरवा.

मसाला या टप्प्यावर घाला. आलं-लसूण, मिरी, कोथिंबीर काहीही चालेल. कोकमाचं आगळ आणि लिंबू मात्र इथे नको. आंबट आणि उष्णता एकत्र आले की कॅराजीननच्या साखळ्या तुटतात आणि त्याचा जोर जातो. अगरचंही तेच होतं. शिवाय आंबटाने मायोसीनही बिघडतं आणि गोळा खडबडीत होतो. आगळाची चव हवीच असेल, आणि कोकणात ती हवीच असते, तर ती बरोबरच्या चटणीत द्या.

पायरी ५: दोन टप्प्यांची उष्णता

गोळे वळून आधी ४० अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवा. या मंद उष्णतेत प्रथिनांची जाळी विणली जाते. नंतर थेट ९० अंशांच्या पाण्यात २० मिनिटं. मधल्या तापमानात, म्हणजे ५० ते ६५ च्या दरम्यान, रेंगाळू नका. तिथे माशातले विकर (एन्झाइम) विणलेली जाळी तोडायला लागतात. जपानी लोक याला मोडोरी म्हणतात, आणि ढोम्यासारख्या माशात हा त्रास चांगलाच जाणवतो. म्हणून दोन पातेली वेगवेगळी ठेवा, एकच पातेलं हळूहळू तापवत नेऊ नका.

गोळ्याच्या मध्यात थर्मामीटरची सळई खुपसून बघा. ७५ अंशांच्या वर गेलं पाहिजे. एक तर जंतूंसाठी, आणि दुसरं म्हणजे कॅराजीनन थंड खिम्यात विरघळत नाही, नुसतं फुगून बसतं. ते विरघळायला चांगली उष्णता लागते आणि मीठ असलं की आणखी जास्त. आतून कोमट राहिलेल्या गोळ्यात कॅराजीनन घातलं काय आणि न घातलं काय, सारखंच.

उकळून झाले की गोळे बर्फाच्या पाण्यात टाका. कॅराजीननची जेली थंड होतानाच बसते. त्यामुळे गरम गोळा चावून ‘काही फरक नाही’ असं ठरवू नका. गार झाल्यावर चाखा, मग पुन्हा गरम करून चाखा. गरम केल्यावर कॅराजीननचा कडकपणा थोडा सैलावतो, तेव्हा जो घट्टपणा उरतो तो माशाच्या प्रथिनाचा. तुमचं गिऱ्हाईक गोळे रश्श्यात गरमच खाणार असेल तर निर्णय त्या चवीवर घ्या.

पायरी ६: तपासणी

यंत्र नसलं तरी अडत नाही. तीन गोष्टी बघा.

वजन: उकळण्याआधी आणि गार झाल्यावर, पुसून. किती ग्रॅम कमी झाले ते दोन्ही भागांसाठी लिहा. मग दोन्हीतले काही गोळे गोठवा, आठवड्याने ताटलीत वितळवा, पुन्हा तोला. कॅराजीनन पाणी धरत असेल तर ते इथेच कळतं.

घडी: गोळ्याची ३ मिलिमीटर जाडीची चकती कापा. बोटांत धरून अर्ध्यात दुमडा, मग त्याच घडीची पुन्हा अर्धी घडी घाला. चौपदरी घडीतही तडा गेला नाही तर उत्तम. चौपदरीत तडकली पण अर्ध्या घडीत टिकली तर चांगली. पहिल्याच घडीला तुटली तर धुण्यात किंवा वाटण्यात कसर राहिली आहे, कॅराजीननला बोल लावू नका. सुरिमी उद्योगात ही चाचणी जगभर वापरतात आणि तिला एक सुरी सोडली तर काही लागत नाही.

चव: तीन वाट्या घ्या, दोनांत एका प्रकारचे गोळे आणि तिसरीत दुसऱ्या. खाणाऱ्याला सांगू नका, फक्त वेगळी वाटी ओळखायला सांगा. घरातल्या माणसांना विचारू नका, ते तुमचं मन राखतात. शेजारच्या कोळणीला विचारा, ती तोंडावर सांगेल.

जास्त कॅराजीनन म्हणजे जास्त चांगलं, असं नसतं. एक टक्क्याच्या वर गेलात की गोळा रबरासारखा होतो, चावताना कचकन तुटतो आणि जिभेला बुळबुळीत लागतो. शिवाय मोह होतो. कॅराजीनन पाणी धरतं म्हणजे किलोमागे आणखी दोनशे ग्रॅम पाणी कोंबता येईल, असा हिशोब काही जण पहिल्याच आठवड्यात करतात. गिऱ्हाईकाला मासा विकायचा की पाणी, हे एकदा ठरवा.

चायना ग्रासचं काय?

अगर उकळल्याशिवाय विरघळत नाही, त्यामुळे चायना ग्रासच्या काड्या तोडून कच्च्या खिम्यात टाकून उपयोग नाही. पण एक युक्ती करून पाहण्यासारखी आहे. अगरचं वैशिष्ट्य असं की ते ३५ ते ४० अंशांच्या आसपास बसतं आणि एकदा बसलं की ८५ च्या आसपास गेल्याशिवाय वितळत नाही. माशाची डोकी आणि काटे उकळून केलेल्या गाळीव सारात चायना ग्रास विरघळवा, थंड करून जेली बसवा, ती बारीक किसून कटलेटच्या सारणात मिसळा. सार सारणात वेगळं न होता टिकतं आणि कटलेट आतून कोरडं पडत नाही. गोठवायच्या मालासाठी ही युक्ती नको, कारण अगरची जेली गोठली की पाणी सोडते.

तेलकट मासा आणि तपकिरी शेवाळ

बांगडा आणि तारली खवट का होतात, ते आधी समजून घ्या. त्यांच्या मांसात बहुअसंतृप्त तेल भरपूर असतं आणि काळ्या मांसात रक्तातलं हिमोग्लोबिन, म्हणजे लोह, असतं. खिमा केला की हवा, तेल आणि लोह एकत्र मिसळतात, आणि फ्रीजरमध्येही ती प्रक्रिया पूर्ण थांबत नाही. तपकिरी शेवाळातली फ्लोरोटॅनिन लोहाला पकडतात आणि तेल बिघडवणाऱ्या मुक्त कणांना शांत करतात. थंड समुद्रातल्या फ्युकस शेवाळाच्या अर्कावर आइसलँडमधल्या संशोधकांनी धुतलेल्या माशाच्या मांसात प्रयोग केले आहेत आणि हिमोग्लोबिनमुळे होणारा खवटपणा त्याने रोखला जातो असं दाखवलं आहे.

आपल्या किनाऱ्यावरचं सारगॅसम याच गटातलं, पण त्यातलं पॉलिफेनॉलचं प्रमाण जात, ठिकाण आणि ऋतूनुसार बरंच बदलतं. म्हणून ‘अमुक ग्रॅम घाला’ असा आकडा मी देणार नाही. तयार अर्क घेताना विक्रेत्याकडून एकूण पॉलिफेनॉलचं प्रमाण लिहिलेला प्रयोगशाळेचा अहवाल मागा, त्याने सुचवलेल्या सगळ्यात कमी मात्रेपासून सुरू करा आणि वर सांगितल्याप्रमाणे अर्धा खिमा बिनअर्काचा ठेवा. अर्क तपकिरी आणि कडसर असतो. मसालेदार कटलेटमध्ये रंग लपतो, पांढऱ्या फिश फिंगरमध्ये लपत नाही. जास्त झाला तर तो प्रथिनांशी जोडला जाऊन गोळ्याची पकडही ढिली करू शकतो. आणि खवटपणाविरुद्धचं काम खिमा केल्या केल्या सुरू व्हायला हवं. दुसऱ्या दिवशी अर्क मिसळलात तर तोवर बिघाडाची सुरुवात झालेली असते.

एक गोष्ट ठळक अक्षरात लिहून भिंतीवर लावा: बांगडा, तारली, ट्यूना यांत मासा गरम राहिला तर हिस्टामीन तयार होतं, आणि ते ना शेवाळाच्या अर्काने जातं, ना उकळल्याने, ना गोठवल्याने. त्याला एकच उपाय, होडीपासून बर्फ.

तुकड्यांना अल्जिनेटचं आवरण

सुरमईचे किंवा राणी माशाचे तुकडे गोठवताना बाहेरून सुकतात. त्यासाठी लिटरभर थंड पाण्यात १५ ग्रॅम सोडियम अल्जिनेट (आयएनएस ४०१) हँड ब्लेंडरने मिसळा आणि बुडबुडे जाईपर्यंत फ्रीजमध्ये ठेवा. तुकडा बुडवून निथळवा, मग खाद्य दर्जाच्या कॅल्शियम क्लोराइडच्या दोन टक्के द्रावणात अर्धा-एक मिनिट धरा. वर पातळ, पारदर्शक कातडी धरते. साध्या गार पाण्यातून काढा, कारण कॅल्शियम क्लोराइड कडू असतं, आणि गोठवा.

इथे पाणी फार महत्त्वाचं. विहिरीचं किंवा बोअरचं जड पाणी घेतलंत तर त्यातल्या कॅल्शियमनेच अल्जिनेट पातेल्यात गोठतं आणि शेवयांसारख्या गुठळ्या होतात. आरओचं पाणी वापरा.

चवीसाठी कोंबू, पण हात आखडता

१९०८ साली किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने कोंबू शेवाळाच्या सारातून ग्लुटामेट वेगळं केलं आणि त्या चवीला उमामी नाव दिलं. माशात इनोसिनेट हा तसाच चव देणारा घटक असतो, आणि दोन्ही एकत्र आले की चव नुसत्या बेरजेपेक्षा जास्त खुलते. त्यामुळे खिम्यात घालायच्या पाण्याऐवजी कोंबू भिजवलेलं गार पाणी घातलं तर मीठ थोडं कमी करता येतं.

हात आखडता का, तर आयोडीन. प्रौढ माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं. कोंबूच्या एका ग्रॅममध्ये दोन हजार मायक्रोग्रॅमच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त असू शकतं, आणि भिजवल्यावर त्यातलं बरंचसं पाण्यात उतरतं. थायरॉइडचा त्रास असलेल्यांना हे बाधू शकतं. कोंबूचा वापर केला असेल तर पाकिटावर तसं स्पष्ट लिहा.

किनाऱ्यावरून शेवाळ गोळा करावं का?

ओहोटीला खडक उघडे पडले की रत्नागिरी-मालवणकडे शेवाळ ढिगाने दिसतं आणि फुकटचं साहित्य म्हणून हात शिवशिवतात. खाण्याच्या मालासाठी ते घेऊ नका. शेवाळ पाण्यातले जड धातू शोषून साठवतं. खाडीच्या तोंडाशी, बंदराजवळ, नाल्याच्या सांडपाण्याजवळ वाढलेलं शेवाळ दिसायला तसंच हिरवंगार असतं. सारगॅसम गटातल्या हिजिकी या शेवाळात असेंद्रिय आर्सेनिक इतकं सापडलं की ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने ते खाऊ नये असा सल्ला २००४ साली दिला. गोळा केलेलंच वापरायचं असेल तर प्रत्येक वेळच्या मालाची आर्सेनिक, शिसं, कॅडमियम आणि पाऱ्यासाठी एनएबीएल मान्यतेच्या प्रयोगशाळेत तपासणी करावी लागेल, आणि तो खर्च लहान उद्योगाला झेपत नाही.

कॅराजीननविषयी इंटरनेटवर भीती घालणारं बरंच काही सापडतं. त्यातलं पुष्कळसं पॉलिजीनन या तोडलेल्या, कमी रेणुभाराच्या पदार्थाविषयी आहे, जो खाद्यपदार्थांत वापरायला मान्यताच नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञ समितीने २०१४ साली बाळांच्या दुधाच्या भुकटीतल्या कॅराजीननची तपासणी करून लिटरमागे १००० मिलिग्रॅमपर्यंत चिंतेचं कारण नाही असं म्हटलं. ज्या गिऱ्हाईकाला तरीही नको असेल त्याला न घातलेले गोळे द्या, वाद घालू नका.

पाकिटावर काय लिहायचं

एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी किंवा परवाना फॉस्कॉस पोर्टलवरून काढावा लागतो, तो नसताना एकही पाकीट विकू नका. घटकांच्या यादीत अर्काचं नाव किंवा आयएनएस क्रमांक त्याच्या कामासह लिहा, उदाहरणार्थ ‘स्टॅबिलायझर (आयएनएस ४०७)’. मासा हा ॲलर्जी देणारा घटक आहे, त्याचा वेगळा उल्लेख लागतो. मांसाहारी चिन्ह, म्हणजे तपकिरी चौकोनातला तपकिरी त्रिकोण, विसरू नका. गोल ठिपक्याचे जुने स्टिकर आता चालत नाहीत. तुमच्या पदार्थाच्या प्रकारात तो घटक चालतो का आणि किती, हे नियमांच्या परिशिष्टात आधी पाहून घ्या.

आणि ज्या शब्दासाठी हा सगळा खटाटोप चालतो तो ‘नैसर्गिक’ शब्द पाकिटाच्या दर्शनी भागावर छापायची घाई करू नका. २०१८ च्या जाहिरात व दाव्यांच्या नियमांनुसार ‘नैसर्गिक’ असं वर्णन फक्त अशा एकट्या अन्नाला करता येतं ज्यात वेगळं काही मिसळलेलं नाही. कॅराजीनन घातलेल्या, स्टार्च घातलेल्या फिश बॉलला ते लागू होत नाही. शेवाळातून आलं म्हणून ते नैसर्गिक, हा युक्तिवाद अधिकाऱ्यापुढे टिकणार नाही. ‘फॉस्फेट घातलेलं नाही’ हे खरं असेल तर त्याच शब्दांत लिहा, आणि तेही लिहिण्याआधी आपल्याकडे येणारा कच्चा मासा कुणी फॉस्फेटच्या पाण्यात बुडवून तर पाठवत नाही ना, याची खातरी करा.

विचारायचं कुठे

रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं. मासळी प्रक्रिया शिकवणारे विभाग तिथे आहेत. मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. माशांवरच्या प्रक्रियेचं देशपातळीवरचं काम १९५७ पासून कोचीची केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था करते, आणि शेवाळ घातलेल्या खाद्यपदार्थांवरही तिने काम केलं आहे. जाताना आपल्या नोंदींची वही आणि गोठवलेले दोन्ही नमुने बरोबर न्या; ‘गोळे नीट होत नाहीत’ एवढंच सांगितलं तर समोरचा माणूस तरी काय सांगणार?

पुरवठादार बदलला, किंवा त्याच पुरवठादाराचं नवीन पोतं उघडलं, की कॅराजीननची ताकद बदललेली असू शकते. म्हणून नव्या पोत्यातला पहिला घाणा लहान काढा, जुन्या पोत्यातलं थोडं कॅराजीनन त्यासाठी बरणीत राखून ठेवा, आणि दोन्हींच्या चकत्या शेजारी शेजारी दुमडून बघितल्याशिवाय मोठी ऑर्डर घेऊ नका.